मिशी नाही म्हणजे मादीच, असं नसतं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक गोष्ट खटकली. तुम्ही लिहिलंय की सात महिन्यांपूर्वी नाशिकमधल्या एका दुकानातून ब्रिस्टलनोज प्लेको माशांची "जोडी" आणली, तेव्हा दोन्ही दोन-दोन इंचाचे होते. आज एक साडेतीन इंचाचा आहे आणि त्याच्या नाकावर मिश्या फुटल्यात, दुसरा सहा इंचाच्या पुढे गेलाय आणि त्याला मिश्या-बिश्या काहीच नाहीत. दुकानदार म्हणतो मोठी ती मादी, मित्र म्हणतो दोन्ही नरच आहेत म्हणून भांडतात, आणि तीन फुटी टँकमध्ये अजून एक अंडं दिसलेलं नाही. तर यातला नर कुठला, मादी कुठली आणि ओळखायचं कसं.

नर-मादीचं जरा बाजूला ठेवा. मला खटकलं ते सहा इंच. ब्रिस्टलनोजमध्ये मादी नरापेक्षा मोठी नसते, उलट नरच थोडा दांडगा असतो, आणि पूर्ण वाढलेला ब्रिस्टलनोज चार, फार तर पाच इंचांवर थांबतो. सात महिन्यात दोनाचे सहा इंच करणारा मासा बहुतेक ब्रिस्टलनोजच नाहीये. फोटो बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही, पण तुमची "मादी" म्हणजे साधा सकर असावा, ज्याला आपण कॉमन प्लेको म्हणतो तो. तसं असेल तर ही जोडी म्हणजे बोक्यासाठी कालवड बघितल्यासारखं झालंय, सात महिने काय सात वर्षं थांबलात तरी अंडी दिसायची नाहीत.

दुकानदाराने मुद्दाम फसवलं असंही म्हणणार नाही मी. दोन इंचाची पिल्लं काचेला चिकटलेली असली की दोन्ही तपकिरी, दोन्हीवर ठिपके, होलसेलहून पिशवी येते त्यात कधी कधी मिक्स माल असतो, आणि मिशी नसलेला तो मादी एवढंच गणित काउंटरवर चालतं. मी पण हे गणित मांडून तोंडावर पडलेली आहे, ते पुढे सांगते.

आधी जात तपासा, याला पाच मिनिटं लागतात. पाठीवरचा पर बघा. त्यात पहिला एक जाड कडक काटा असतो आणि मागे मऊ काड्या. ब्रिस्टलनोजला त्या मऊ काड्या साधारण सात असतात, बाजारातल्या कॉमन सकरला दहा आणि त्याहून जास्त, म्हणूनच त्याचा पर उघडला की शिडासारखा दिसतो. अडचण एवढीच की हे महाशय पर मिटून बसतात. मी काय करते, रात्री लाईट बंद झाल्यावर अर्ध्या तासाने मोबाईलचा टॉर्च मारते, मासा दचकतो, पर उभा करतो, तेवढ्यात पटापट चार-पाच फोटो काढायचे आणि मग फोटो मोठा करून निवांत मोजायचं. मोजताना बुडाशी मोजा, वरच्या टोकाला नको, कारण प्रत्येक काडी वर जाऊन फुटते आणि सातच्या चौदा दिसायला लागतात. दुसरी खूण डोक्याची. ब्रिस्टलनोजचं डोकं रुंद आणि चपटं, बेडकावर कोणीतरी हात दाबून ठेवल्यासारखं, सकरचं डोकं उंच आणि अंग लांबुळकं, बाजूने बघितलं तर कडांच्या रांगा दिसतात. सकरच्या पोटावर सुद्धा ठिपके नाहीतर वळवळणाऱ्या रेघा असतात, ब्रिस्टलनोजचं पोट बहुतेक साधं फिकट असतं.

मुळात प्लेको हे काही एका माशाचं नाव नाहीये, घोळ तिथूनच सुरू होतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिलखती मागुरांचं मोठं खानदान आहे, त्यातल्या शेकडो जातींना आपण सरसकट प्लेको म्हणतो. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली ज्याला नाव दिलं तो मूळचा हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस सुरिनाम, गयाना त्या बाजूचा, तो दुकानात फारसा येतच नाही, आपल्याकडे त्या नावावर विकला जातो तो टेरिगोप्लिक्थिस म्हणून वेगळाच. आणि नर-मादी ओळखायची खूण प्रत्येक गटात वेगळी आहे. म्हणून "प्लेकोचा नर कसा ओळखायचा" याचं एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आधी "कुठला प्लेको" एवढं विचारेल त्याचंच ऐका.

आता ब्रिस्टलनोज, कारण तुमचा साडेतीन इंचवाला नक्की तोच आहे. मी डोंबिवलीत वन बीएचकेच्या बंद बाल्कनीत रॅक लावून सोळा वर्षं हे मासे वाढवतेय, साधे तपकिरी, अल्बिनो, मध्ये काही वर्षं लाँगफिन पण होते. रंग कुठलाही असो, लांब पर असोत की आखूड, खूण एकच.

नराला नाकाच्या कडेवर तर मिश्या येतातच, पण त्या तिथेच थांबत नाहीत, नाकाच्या मधोमध वर चढतात आणि कपाळाकडे जाता जाता दोन फाटे फुटतात. मोठ्या नराच्या या मिश्या म्हणजे मांसल फांद्याच असतात, एकेकीला पुढे दोन-तीन टोकं, पाण्याच्या प्रवाहात हलतात. मादीला एकतर काहीच नसतं नाहीतर वरच्या ओठाच्या अगदी कडेला बारीक आखूड टोकांची एक रांग, तीही वय झाल्यावर. मादीच्या कपाळाच्या मधोमध मिशी मी आजवर एकदाही बघितलेली नाही. म्हणून "मिशी आहे का" असं बघू नका, "मिशी कुठे आहे" ते बघा. कपाळावर चढली म्हणजे नर, संपला विषय.

या मिश्या असतात कशाला यावर १९९९ साली काही संशोधकांनी एक भारी कल्पना मांडली होती. या माशांत अंडी आणि पिल्लं नर सांभाळतो, आणि ज्या नराकडे आधीच पिल्लं आहेत त्याच्याकडे मादी जास्त ओढली जात असावी कारण हा बाप म्हणून चालतो याचा तो पुरावाच, तर या लोंबत्या मिश्या म्हणजे डोक्यावर वळवळणाऱ्या पिल्लांची नक्कल असावी असं त्यांचं म्हणणं. खरं-खोटं मासेच जाणोत, पण पिल्लांनी भरलेल्या गुहेच्या तोंडाशी बसलेला नर एकदा बघितलात तर कुठली पिल्लं आणि कुठल्या मिश्या हे पटकन कळत नाही एवढं मात्र खरं.

आता उलट बाजू, जिथे सगळे फसतात. कपाळावर मिशी दिसली तर नर नक्की, पण मिशी नाही दिसली तर काहीच नक्की नाही. नराला मिशीचे कोंब साधारण पाच-सहा सेंटीमीटरला, म्हणजे दोन-सव्वादोन इंचाला दिसायला लागतात, वय म्हणाल तर सहा महिने धरा पण वयावर जाऊ नका, खाणं कमी आणि टँकमध्ये गर्दी असेल तर आठ-नऊ महिन्यांचा मासा पण गुळगुळीतच असतो. मी सुरुवातीच्या वर्षांत पाच महिन्यांची, जेमतेम दोन इंचाची दोन पिल्लं "या दोन्ही माद्या आहेत" असं ठासून सांगून एका काकांना दिली, त्यांच्याकडे नर आधीच होता. तीन महिन्यांनी त्यांचा फोन, अहो ताई, तुमच्या दोन्ही माद्यांना दाढी आली. आणि तोपर्यंत त्या तिघांनी एका गुहेपायी एकमेकांचे पर फाडून ठेवले होते. मी दोन्ही परत घेतले आणि चहा पाजला, दुसरं काय करणार. तेव्हापासून तीन इंच होईपर्यंत मी कोणाला "मादी" असा शब्द देत नाही.

दुसरा प्रकार दबलेल्या नराचा. एका टँकमध्ये एक दांडगा नर असला की दुसऱ्या नराच्या मिश्या खुरटलेल्या राहतात. माझ्याकडे एक होता, साडेतीन इंचाचा होऊनही कपाळावर दोनच टिकल्या, मी त्याला अर्धं वर्ष मादीच समजत होते. वेगळ्या टँकमध्ये हलवला आणि दोन महिन्यांत गड्याने झुडूप उगवलं. म्हणून मोठा होऊन पण कपाळ गुळगुळीत असलेला मासा दुसऱ्या नराबरोबर राहत असेल तर त्याला महिना-दोन महिने एकटा ठेवून बघा.

मिशी सोडून बाकी काय बघायचं तर वरून बघायचं. मासा तळाला सपाट बसलेला असताना टँकवर वाकून सरळ खाली बघा. नराचं सगळ्यात रुंद अंग डोक्यापाशी, छातीच्या परांच्या जागी, आणि तिथून शेपटीकडे निमुळता होत जातो. अंड्यांवर आलेली मादी छातीच्या परांच्या मागे पोटापाशी सगळ्यात रुंद दिसते, दोन्ही बाजूंनी फुगलेली. हे बघायचं ते संध्याकाळी खायला घालायच्या आधी. हे निशाचर मासे, रात्रभर काकडी ओरपून सकाळी सगळेच गरोदर दिसतात, नर सुद्धा. जंतांनी नाहीतर सुजेने फुगलेलं पोट पण असतं, त्यात मासा सुस्त होतो आणि खात नाही, मादी मात्र व्यवस्थित खात असते. अल्बिनो किंवा फिकट मादी काचेला चिकटली की पोटाच्या पातळ कातडीतून केशरी झाक आरपार दिसते, ती दिसली की मग शंकाच नको.

काही लोक खालून जननेंद्रियाचा उंचवटा बघायला सांगतात, पोटाखालच्या परांच्या मागे, शेपटीकडे जाताना. नराचा बारीक आणि टोकदार, मादीचा रुंद, गोल आणि बसका. तीन इंचाच्या पुढच्या माशात, विणीच्या दिवसात, चांगल्या प्रकाशात हे दिसतं. पण त्यासाठी मासा पाण्याबाहेर उलटा धरून बसू नका. आणि पकडायचाच झाला तर जाळीने नको, यांच्या गालांवर आत-बाहेर होणारे काट्यांचे झुबके असतात, नराचे जास्त लांब, घाबरला की ते बाहेर काढतो आणि जाळीत असा गुंततो की शेवटी जाळी कापावी लागते. मी एक किलोचा श्रीखंडाचा रिकामा डबा वापरते, मासा काचेला असतानाच डबा खाली लावायचा आणि वरून हलकेच ढकलायचा. डब्याच्या पारदर्शक बुडातून खालची बाजूही बघून होते.

थोडक्यात तुमच्या छोट्याच्या जातीबद्दल शंका नाही, साडेतीन इंच आणि मिश्या, नुसत्या कडेला आहेत की कपाळावर चढल्यात तेवढं बघून घ्या, चढल्या असतील तर तो नर. मोठ्याच्या पाठीच्या काड्या मोजा. सात निघाल्या तर माझं चुकलं आणि तुमच्याकडे आजवर मी बघितलेली सगळ्यात मोठी ब्रिस्टलनोज आहे.

दहा किंवा त्याहून जास्त निघाल्या तर तो कॉमन सकर, आणि त्याच्यात बाहेरून नर-मादी ओळखायची भरवशाची खूण नाही. मिश्या दोघांनाही नसतात. मोठा झाल्यावर तो जननेंद्रियाचा उंचवटा, नराचा जाडसर बाहेर आलेला, मादीचा अंगाबरोबर सपाट, एवढाच काय तो फरक, आणि मी स्वतः त्यावर पैज लावणार नाही. पण तुम्हाला ते ओळखून करायचंय काय? हा मासा नदी-तळ्याच्या मातीच्या काठात जवळपास मीटरभर खोल बीळ खणतो आणि त्यात अंडी घालतो. फ्लोरिडा आणि आग्नेय आशियात फार्मवाले मोठ्या मातीच्या तलावात याची पैदास घेतात, घरच्या काचेच्या टँकमध्ये ते होत नाही. आणि तो सहा इंचावर थांबणार नाहीये, दीड फूट होतो. तीन फुटी टँकमध्ये दीड फुटाचा मासा वळणार कुठे? आत्ताच मोठा टँक असलेलं कोणीतरी शोधा. फक्त गोदावरीत नेऊन सोडू नका, आपल्या पाण्यात तो तगतो आणि वाढतो, केरळपासून कोलकात्याच्या पाणथळीपर्यंत पसरलाय, मासेमारी करणाऱ्यांच्या जाळ्यात याचे काटे अडकून जाळी फाटतात आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही.

भांडणाचं म्हणाल तर ते दोघं नर असल्याचा पुरावा नाही. प्लेको जागेवरून भांडतो, एकच चांगलं लाकूड आणि एकच आडोसा असला की कुठल्याही जातीचे दोन एकमेकांना शेपटीने हाणतात.

बाकी जातींचं पटकन सांगते, वाचणाऱ्या बाकीच्यांना उपयोगी पडेल. झेब्रा प्लेको, किंग टायगर वगैरे हौशी मंडळींमधले महागडे जे आहेत, ज्यांना एल नंबर लावून विकतात (हे नंबर एका जर्मन मासिकाने १९८८ पासून द्यायला सुरुवात केली, शास्त्रीय नाव मिळायच्या आधी ओळख पटावी म्हणून), त्यांच्यात मिश्या शोधू नका. नराचं डोकं रुंद, कल्ल्याच्या झाकणामागचे काटे लांब, छातीच्या पराचा पहिला काटा जाड आणि केसाळ. क्लाउन प्लेकोत मोठ्या नराच्या अंगाचा मागचा अर्धा भाग काटेरी लव आल्यासारखा खरबरीत दिसतो. काडीसारख्या व्हिपटेलमध्ये नराच्या गालांवर दाढीचे खुंट. हे सगळं पूर्ण वाढ झाल्यावरच, पिल्लात कोणालाच ओळखता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही.

आता तुम्हाला जोडी हवीच असेल तर "जोडी" विकत घेऊ नका. एकतर तीन इंचाच्या पुढची, गुळगुळीत कपाळाची, पोटाने भरलेली मादी माहितीतल्या पाळणाऱ्याकडून आणा, किंवा दोन इंचाची सहा पिल्लं आणा आणि वाढवा. सहाच का, तर नर-मादी निम्मे निम्मे धरले तर दोन पिल्लं घेतल्यावर दोन्ही एकाच लिंगाची निघायची शक्यता पन्नास टक्के आहे, सहा घेतली तर सहाही एकाच लिंगाची निघायची शक्यता बत्तीसात एक. बाकीची मोठी झाली की मित्रमंडळीत वाटून टाकायची. कुर्ल्यात किंवा क्रॉफर्ड मार्केटला गेलात तर एकाच टँकमधली सारख्या मापाची घ्या आणि प्रत्येकाचा पाठीचा पर बघून घ्या, लाजू नका, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

मादी आल्यावर नराला गुहा लागते, ती नसेल तर जोडी कितीही खरी असली तरी काही होत नाही. मी प्लंबरकडचा पीव्हीसी पाईप वापरते, दीड ते दोन इंच व्यासाचा, सहा इंच लांब, एका बाजूला बूच लावून बंद केलेला, आतून सँडपेपरने खरखरीत केलेला. नर आत शिरल्यावर दोन्ही बाजूंचे पर भिंतीला जेमतेम टेकायला हवेत, ऐसपैस गुहा त्याला आवडत नाही. पाणी २५-२६ डिग्री, खायला दोडका, काकडी, दुधी, पालक, आठवड्यातून एकदा प्रोटीनवालं काहीतरी, चघळायला लाकडाचा एक तुकडा. मादी भरलेली दिसली की थोडं गार पाणी घालून मोठा वॉटर चेंज करा, पाऊस पडल्याचा आभास. माझ्याकडे जूनच्या पहिल्या सरीत न सांगताच होतं हे, नळाचं पाणी एकदम बदलतं ना.

मग एक दिवस नर गुहेतून बाहेरच येत नाही. तोंड आत, शेपूट बाहेर, आणि ती शेपूट सतत हलतेय. टॉर्च तिरका धरून बघितलं की त्याच्या पोटाखाली केशरी गोळा दिसतो, चिकटून राहिलेल्या बुंदीच्या दाण्यांसारखा, प्रत्येक दाणा तीनेक मिलिमीटरचा. चार-पाच दिवसांत, पाणी गार असेल तर जास्त दिवसांत, दाण्यांना शेपट्या फुटतात, पुढे आठवडाभर ती पिल्लं पोटाला पिवळी पिशवी घेऊन आतच चिकटलेली असतात. या सगळ्या दिवसात तो धड जेवत पण नाही. पहिलटकर नर बऱ्याचदा अंडी बाहेर ढकलून देतो, माझ्या पहिल्या नराने दोन वेळा ढकलली, तिसऱ्यांदा नीट सांभाळली. त्यामुळे पहिला घाणा वाया गेला म्हणून मासा बदलू नका.

तर आज रात्री टॉर्च मारून मोठ्याचे फोटो काढा आणि इथे टाका, एक बाजूने पर उभा असताना, एक वरून, आणि काचेला चिकटला तर एक पोटाचा. काचेला बाहेरून शाळेची पट्टी टेकवून ठेवा म्हणजे माप कळेल. काड्या तुम्ही किती मोजल्या ते पण लिहा, मी माझ्या मोजेन आणि मग जुळतंय का बघू.